फळी छोटी, गोदाम मोठं



या वेळचा प्रश्न थेट मोबाइलच्या दुकानातून आलाय. सोयाबीन विकून झालं, घरात चार पैसे आले, की वाशिम काय, कारंजा काय, रिसोड काय, बाजारातल्या मोबाइलच्या दुकानांत गर्दी होते. ताईला अभ्यासासाठी फोन हवा असतो, बाबांना बाजारभाव पाहायला हवा असतो, आणि तुम्हाला कशासाठी हवा असतो ते मी सांगायला नको! खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘रॅम ८ जीबी + ८ जीबी’. दुकानदार म्हणतो, “सोळा जीबी रॅम हाये भाऊ, डोळे झाकून न्या!”

आठ आणि आठ सोळा, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण हे सोळा खरोखर सोळा आहेत का? घरातले कष्टाचे पैसे खर्च व्हायचे असतील, तर डोळे झाकून नको, चांगले उघडे ठेवून न्यायला हवं.

त्या मधल्या अधिकच्या चिन्हामागं संगणकशास्त्रातली एक फार हुशार युक्ती दडलेली आहे. ती साठ वर्षांहून जुनी आहे. तिचं नाव ‘व्हर्च्युअल मेमरी’, म्हणजे आभासी स्मृती. ती नेमकं काय देते आणि काय देत नाही, हे आज पाहू. मग खोक्यावरचं गणित तुमचं तुम्हालाच सोडवता येईल.

सामान ठेवायच्या दोन जागा

संगणक म्हणा की मोबाइल म्हणा (मोबाइलही एक संगणकच, बरं का!), त्याच्याकडे माहिती ठेवायच्या दोन जागा असतात. एक रॅम. ही फार चपळ, पण महाग आणि म्हणून थोडी. शिवाय विसरभोळी. वीज गेली की सगळं पुसलं! दुसरी जागा म्हणजे डिस्क किंवा फोनमधलं ‘स्टोरेज’. ही स्वस्त, म्हणून भरपूर. वीज गेली तरी इथलं सामान जागेवर राहतं. पण हिची चाल मंद.

समजा, कारंज्याच्या बाजारात एक किराणा दुकान आहे. दुकानदाराच्या पाठीमागं फळ्या आहेत. साबण, चहा, काडेपेटी, जे मागाल ते हात लांबवला की हातात. पण गाळाच लहान, फळ्या तरी किती मावणार? म्हणून जास्तीचा माल दोन गल्ल्या सोडून एका गोदामात ठेवलाय. गोदाम मोठं, भाडंही कमी. मात्र तिथून काही आणायचं म्हटलं की नोकराला पिटाळावं लागतं, आणि तो येईपर्यंत गिऱ्हाईक ताटकळतं.

फळी म्हणजे रॅम, गोदाम म्हणजे डिस्क. संगणकाचा प्रोसेसर कामाची वस्तू फळीवरूनच उचलतो. गोदामातली वस्तू हवी असेल, तर ती आधी फळीवर आणावीच लागते.

आता फळ्या गच्च भरल्या आणि नवा माल आला, तर? एक उपाय म्हणजे सरळ हात जोडायचे. “जागा संपली, दुकान बंद!” दुसरा उपाय जास्त शहाणपणाचा. फळीवर कोणती वस्तू बऱ्याच वेळात कुणी मागितली नाही ते बघायचं, ती गोदामात पाठवायची, आणि रिकाम्या जागी हवी ती वस्तू मांडायची. आभासी स्मृती म्हणजे नेमकं एवढंच!

खरी कमाल दुकानदाराच्या वहीत

पण यात एक बारकावा आहे, आणि या युक्तीचं सगळं सौंदर्य त्यात आहे.

गिऱ्हाईक दुकानात येऊन “गोदामातला साबण द्या” असं म्हणतं का? नाही. ते म्हणतं, “साबण द्या.” साबण फळीवर आहे की गोदामात, ही उठाठेव दुकानदाराची. त्याच्याकडे एक वही असते. वहीत नोंद असते, साबण दुसऱ्या फळीवर, मीठ गोदामात, चहा पहिल्या फळीवर. वस्तू इकडून तिकडे हलली की नोंद बदलायची.

संगणकातही असंच. खेळ, चित्रं काढायचा प्रोग्रॅम, इंटरनेटचा ब्राउझर, ही सगळी गिऱ्हाइकं. प्रत्येकाला वाटत असतं, की आपल्यासाठी भलीमोठी मेमरी सलग मोकळी आहे. ही समजूत खरी नसते, म्हणून तर ‘आभासी’ म्हणायचं! प्रत्यक्षात त्यांचं सामान सारख्या आकाराच्या छोट्या तुकड्यांत कापलेलं असतं. या तुकड्याला ‘पान’ म्हणतात. काही पानं रॅममध्ये, काही डिस्कवर. कोणतं पान कुठं, याची वही ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळते. मागितलेलं पान रॅममध्ये नसलं, की प्रोग्रॅमला क्षणभर थांबवून ठेवलं जातं, डिस्कवरून पान आणलं जातं आणि काम पुढं सुरू होतं. बिचाऱ्या प्रोग्रॅमला आपण मध्ये थांबलो होतो याचा पत्ताही नसतो.

सगळे तुकडे सारख्या आकाराचे का? तुम्हीच विचार करा. खोकी वेगवेगळ्या मापाची असली, की एक काढून त्या जागी दुसरं बसवताना अडचण. कुठं वीतभर फट राहणार, कुठं खोकं बाहेर येणार. सगळी एकाच मापाची असली, की कोणतंही खोकं कोणत्याही जागी चपखल बसतं. १९८५ साली आलेल्या इंटेलच्या ८०३८६ या चिपमध्ये एका पानाचं माप ४,०९६ बाइट होतं, आणि आजही असंख्य संगणकांत ते तेवढंच आहे.

ही युक्ती सुचली कुणाला?

जरा मागं जाऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी एक संगणक बांधला. १९६० साली तो कामाला लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ असं नाव दिलं. त्याची मेमरी होती २,०४८ शब्दांची. इथं ‘शब्द’ म्हणजे ४० बिटांचा एक गट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हिशेब करा, सगळी मिळून भरली १० किलोबाइट! तुम्ही मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याच्या शेकडो पट मोठा असतो.

त्या काळात जगभरात मेमरी अशीच तुटपुंजी होती. मोठं गणित करायचं असलं, तर ते लिहिणाऱ्यालाच डोकं खाजवावं लागायचं. कामाचे तुकडे पाडायचे, पहिला तुकडा मेमरीत चढवायचा, तो झाला की उतरवायचा, दुसरा चढवायचा. गणित राहिलं बाजूला, हमालीच जास्त! म्हणजे गिऱ्हाइकानंच गोदामात जाऊन पोती उचलायची.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी या हमालीचा विचार करत होते. त्यांना वाटलं, हे काम यंत्रानंच का करू नये? फेरांटी कंपनीच्या मदतीनं त्यांनी ‘ॲटलस’ नावाचा संगणक उभारला. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. त्याची चपळ मेमरी होती १६,३८४ शब्दांची. ही झाली फळी. आणि गोदाम म्हणून होते गरगर फिरणारे चुंबकीय पिंप, म्हणजे ‘ड्रम’. त्यांवर ९८,३०४ शब्द मावत. फळीच्या सहापट! एका पानात ५१२ शब्द, म्हणजे फळीवर एकावेळी ३२ पानं. (१६,३८४ ला ५१२ ने भागून बघा!) कोणतं पान ठेवायचं आणि कोणतं ड्रमवर परत पाठवायचं, हे ॲटलस स्वतःच ठरवत असे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटे, आपल्याला एकच एक मोठी मेमरी मिळालीय. म्हणूनच या पद्धतीला त्यांनी नाव दिलं होतं ‘एकमजली साठा’.

पोळ्याच्या आठवड्यातली फळी

आता तुमच्यातला एखादा चिकित्सक विचारेल, “अहो, पण सारखं गोदामात पळावं लागलं, तर दुकान चालणार कसं?”

अगदी बरोबर शंका! दुकान चालतं, कारण गिऱ्हाइकं सगळ्याच वस्तू एकदम मागत नाहीत. जूनमध्ये आपल्याकडच्या दुकानांत डोकावून पाहा. वह्या, दप्तरं, छत्र्या, रेनकोट. पोळा आला, की बैलांच्या झुली, घुंगरमाळा, वेसणी, शिंगांना लावायचे रंग, आणि तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल. दिवाळीत पणत्या आणि आकाशकंदील. पोळ्याच्या आठवड्यात आकाशकंदील गोदामात गेले म्हणून कुणाचं अडतं का?

प्रोग्रॅमही असेच मोसमी असतात. तुम्ही निबंध टाइप करत असताना छपाईचा भाग झोपलेला असतो. खेळात पहिल्या पातळीवर असाल, तर दहाव्या पातळीची चित्रं कुणी मागत नाही. कोणत्याही घडीला प्रोग्रॅम आपल्या सामानातल्या थोड्याच पानांशी खेळत असतो, आणि आत्ता वापरलेलं पान थोड्या वेळात पुन्हा लागण्याचा संभव जास्त असतो. १९६८ साली पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानं ही गोष्ट नेमकेपणानं मांडली. त्या-त्या वेळी कामात असलेल्या पानांच्या गठ्ठ्याला त्यानं नाव दिलं ‘वर्किंग सेट’, म्हणजे चालू कामाचा संच. हा संच फळीवर मावला, तर बाकीचा ढीग गोदामात असला तरी काही बिघडत नाही.

आणि मावला नाही, तर? मग मात्र तारांबळ!

मुंबईचं गोदाम

ती तारांबळ समजायला वेगाचा अंदाज हवा. रॅममधून माहितीचा एखादा कण मिळायला साधारण एका सेकंदाचा कोटीवा भाग लागतो. आजच्या फोनमधल्या किंवा एसएसडी डिस्कमधल्या फ्लॅश चिपवरून आणायला साधारण दहाहजारावा भाग. आणि फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवरून आणायला सेकंदाचा शंभरावा भाग.

“सगळेच किती झटपट!” असं वाटलं ना? थांबा. हे आकडे ताणून आपल्या दुकानात आणू. समजा, फळीवरची वस्तू द्यायला १ सेकंद लागतो. मग फ्लॅशच्या गोदामातून वस्तू यायला १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं लागतील. दोन गल्ल्यांपलीकडचं गोदाम, आणि नोकर वाटेत चहा पिऊन आला म्हणा. पण हार्ड डिस्कचं गोदाम? तिथं लागतील १ लाख सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास! वाशिमहून मुंबईला जाऊन, साबणाची वडी घेऊन परत यावं, तसंच हे.

दिवसातून एकदा असं झालं तर चालून जातं. पण समजा, पोळा, शाळा आणि लग्नसराई एकाच दिवशी आली. गिऱ्हाईक घुंगरं मागतं, म्हणून वह्या गोदामात पाठवल्या. लगेच दुसरा वह्या मागतो, म्हणून घुंगरं परत पाठवली. तिसऱ्याला पुन्हा घुंगरंच हवीत! नोकर घामाघूम, दुकानदार ओरडतोय, आणि विक्री शून्य. संगणकाच्या या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. शाळेच्या संगणक कक्षात तुम्ही हे पाहिलंही असेल. जुना संगणक, त्यात थोडी रॅम, वर ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडलेल्या. माउस हलत नाही, डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतोय, आतून कुरकुर ऐकू येतेय. संगणक आळशी झालेला नसतो. उलट तो जिवाच्या आकांतानं राबत असतो, पण सगळी मेहनत नेण्या-आणण्यात जाते.

अशा वेळी मुलं वैतागून आणखी चार-पाचदा क्लिक करतात. म्हणजे दुकानात आणखी पाच गिऱ्हाइकं पाठवल्यासारखं! खरा उपाय उलटा आहे. नको त्या खिडक्या एकेक करून बंद करा आणि जरा धीर धरा. गर्दी हटली, की दुकान आपोआप सुरळीत होतं.

दोन मेगाबाइटवाला मित्र

आता ही युक्ती तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत कशी आली, त्याची गोष्ट.

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होता. तीच ‘लिनक्स’. ती त्यानं सगळ्यांना फुकट वापरायला दिली. जर्मनीतल्या एकानं ती घेतली, पण त्याच्या संगणकात मेमरी होती अवघी २ मेगाबाइट. तेवढ्यात त्याचं काम मावेना. त्यानं लिनसला कळवलं. लिनसच्या स्वतःच्या संगणकात मेमरी जास्त होती, त्याला काही अडचण नव्हती. पण त्यानं नाताळच्या सुमारास बसून पानं डिस्कवर ठेवायची सोय लिहून काढली. जानेवारी १९९२ मध्ये आलेल्या ०.१२ या आवृत्तीत ती सगळ्यांना मिळाली. या सोयीमुळं लिनक्सकडे बरेच लोक वळले.

पुढं याच लिनक्सच्या गाभ्यावर अँड्रॉइड उभं राहिलं. म्हणजे ज्याच्याकडे मेमरी कमी होती, त्याचं काम अडू नये म्हणून लिहिलेल्या सोयीचा वारसा आज कोट्यवधी फोनांत आहे. आहे की नाही गंमत? आभासी स्मृती मुळात श्रीमंत संगणकांसाठी नव्हतीच. ती अडलेल्यांसाठी होती.

आता खोक्यावरचं गणित

तर मग ‘८ + ८’ म्हणजे काय? आता तुम्हीच सांगाल. पहिले ८ म्हणजे फळी. दुसरे ८ म्हणजे फोनच्या स्टोरेजमधून उसने घेतलेलं गोदाम. २०२१ नंतर अनेक कंपन्यांनी आपल्या फोनांत ही सोय द्यायला सुरुवात केली आणि जाहिरातीत ती रॅमच्या आकड्याला जोडली.

यात फायदा काहीच नाही का? आहे, थोडा आहे. फळी भरत आली, की अँड्रॉइड आधी पानं दाबून लहान करतं. थंडी संपल्यावर आई वाकळ घट्ट बांधून ठेवते ना, तसं. तेवढ्यानं भागलं नाही, की मागं उघडी असलेली ॲप ते बंद करून टाकतं. उसनं गोदाम मिळालं, तर त्यातली काही ॲप बंद न करता बाजूला ठेवता येतात. तुम्ही त्यांच्याकडे परत गेलात, की जिथं सोडलं होतं तिथूनच सुरू. चांगली सोय आहे.

पण तिच्यामुळं चालू खेळ जास्त पळत नाही. १७ मिनिटांचं अंतर १ सेकंदाचं होत नाही. शिवाय हे ८ जीबी फुकटचे नाहीत. ते तुमच्याच स्टोरेजमधून जातात, म्हणजे तेवढी फोटो-व्हिडिओंची जागा कमी. आणि फ्लॅश चिपमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. सारखी ने-आण म्हणजे त्याची थोडी थोडी झीज.

म्हणून दुकानात गेलात, की न लाजता तीन प्रश्न विचारा. पहिला, “यातली खरी रॅम किती?” दुसरा, “स्टोरेज किती, आणि त्यातलं यासाठी किती जाणार?” तिसरा, “ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते का?” एका फोनवर ‘८’ लिहिलंय, आणि दुसऱ्यावर ‘४ + ४’. बाकी सगळं सारखं, किंमतही सारखी. आता कोणता घ्यायचा ते बाबांना तुम्ही समजावून सांगू शकता. आणि दुकानदार खोटं बोलतोय असंही लगेच म्हणू नका. कदाचित त्यालाही कुणी समजावून सांगितलेलं नसेल. हा अंक त्याला वाचायला द्या!

शाळेत किंवा घरी विंडोजचा संगणक असेल, तर तिथंही हे प्रत्यक्ष बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरी किती भरलीय आणि डिस्क किती कामात आहे, दोन्ही दिसतं. मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्कही सतत शंभराच्या घरात असेल, तर समजा, नोकर मुंबईच्या वाटेवर आहे. अशा संगणकाला आणखी खरी रॅम बसवून घेणं सगळ्यांत चांगलं. निदान जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तरी गोदाम मुंबईहून दोन गल्ल्यांवर येतं. आणि हो, विंडोज आपलं गोदाम ‘पेजफाइल’ नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये ठेवतं. “एवढी मोठी फाइल कशाला?” म्हणून ती सोय बंद करायला जाऊ नका. फळी भरल्यावर चालू प्रोग्रॅम धाडकन बंद पडतील.

एक धोक्याची सूचना

पाने डिस्कवर गेली म्हणजे आपलं काम ‘सेव्ह’ झालं, असं मुळीच समजू नका. गोदामात माल आहे, पण कोणतं पोतं कुणाचं, कुठं, हे सांगणारी वही रॅममध्येच होती. लाइट गेली, संगणक बंद पडला, की वही पुसली. गोदामातल्या मालाला मग धनी उरत नाही. संगणक पुन्हा सुरू झाला, की तो नव्यानं वही उघडतो आणि गोदाम रिकामंच धरून चालतो. आपल्याकडे लाइटचा काय भरवसा! म्हणून प्रकल्प टाइप करत असाल, तर दर दहा मिनिटांनी स्वतःच्या हातानं ‘सेव्ह’ करा. ते काम कोणतीही युक्ती तुमच्यासाठी करत नाही.

करून पाहा

पाच वह्या घ्या आणि त्यांना १ ते ५ आकडे द्या. टेबल म्हणजे फळी, पलंगाखालची पेटी म्हणजे गोदाम. सुरुवातीला सगळ्या वह्या पेटीत. टेबलावर एकावेळी तीनच वह्या ठेवायच्या. मित्रानं एकेक आकडा पुकारायचा, या क्रमानं :

१, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५

पुकारलेली वही टेबलावर असेल, तर खेप नाही. नसेल, तर पेटीपर्यंत एक खेप. टेबल भरलेलं असेल, तर जी वही टेबलावर सर्वांत आधी आली, तिला परत पाठवायचं. एकूण खेपा मोजा.

आता तोच खेळ टेबलावर चार वह्या ठेवून खेळा. खेपा कमी होतील की जास्त? आधी अंदाज लिहून ठेवा.

तिसऱ्यांदा नियम बदला. टेबलावर चारच वह्या, पण परत पाठवायची ती वही, जी सर्वांत जास्त वेळ कुणी पुकारलेली नाही. पुन्हा खेपा मोजा.

उत्तर (आधी खेळा, मगच वाचा!)

तीन वह्यांच्या टेबलाला ९ खेपा लागतात. चार वह्यांच्या टेबलाला लागतात १०! जागा वाढली, आणि खेपाही वाढल्या! मोजणीत चूक झाली असं समजून पुन्हा मोजू नका. आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या लास्लो बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ही विचित्र गोष्ट जगापुढं मांडली, तेव्हा मोठमोठे संगणकतज्ज्ञही चकित झाले होते. तिसऱ्या नियमानं मात्र चार जागांवर ८ च खेपा लागतात.

म्हणजे जागा किती आहे हे महत्त्वाचं खरंच, पण त्या जागेवरून कुणाला उठवायचं, हे ठरवण्यातही तितकंच शहाणपण लागतं. ‘सर्वांत आधी आला त्याला उठवा’ हा नियम सोपा आहे, पण पहिली आलेली वही रोज लागणारीही असू शकते!

आता तुमच्यासाठी एक कोडं. १ ते ४ एवढ्याच वह्या, आणि टेबलावर जागा तीन. मित्र सारखं १, २, ३, ४, १, २, ३, ४ असंच पुकारत राहिला, तर तिसऱ्या नियमानं किती खेपा होतील? आणि याहून कमी खेपांत काम भागवणारा एखादा नियम तुम्हाला शोधता येतो का? वह्या मांडा, खेळून बघा, आणि उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.